विचारा की! एक्सपायर झालेल्या नावाला भाव कोण लावतं?

मागच्या अंकात एका उत्तरात सहज लिहून गेलो की डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, वेळेवर रिन्यू करा नाहीतर ते लिलावात जाईल, आणि मग काय, इनबॉक्स भरून वाहिला. निम्म्या लोकांचं नाव खरोखर गेलंय आणि उरलेल्या निम्म्यांना दुसऱ्याचं गेलेलं नाव उचलायचंय. दोघांनाही उत्तर द्यायचं तर अख्खा कॉलम ह्यालाच द्यावा लागतो, तेव्हा लॅपटॉप कुठला घेऊ वाल्या मंडळींनी ह्या महिन्यात जरा दम धरा.

आमचं नाशिकजवळ छोटं होमस्टे आहे. २०१६ पासून डॉट कॉम होतं. वेबसाइट करून देणाऱ्या पोराने डोमेन स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं, तो आता कॅनडात. मागच्या महिन्यात साइट बंद पडली, शोधलं तर आमचंच नाव ऑक्शनला आणि बोली २४० डॉलर! वर्षाला हजार-बाराशे भरायचो त्याचे वीस हजार कसे झाले? आणि हे पैसे कोणाच्या खिशात जाणार? (एक वाचक, नाशिक)

आधी अंक खाली ठेवा आणि त्या पोराला मेसेज टाका, तिकडे रात्र असली तरी उठवा. लिलाव चालू दिसतोय म्हणजे नाव गेलंच असं नाही. बऱ्याच रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपन्यांकडे, मुदत संपल्यावर साधारण पंचवीस-तीस दिवसांनी नाव लिलावाला लागतं, आठ-दहा दिवस बोली चालते, आणि नाव नव्या माणसाच्या खात्यात पडायच्या आत जुन्या मालकाने पैसे भरले तर लिलाव रद्द, जिंकलेल्याला पैसे परत. सगळीकडे हीच सवलत नाही म्हणून आजच्या आज विचारा म्हणतोय. नुसत्या रिन्यूअलवर भागणार नाही, वर रिडेम्प्शन फी (नाव सोडवून घ्यायचा दंड) म्हणून सात-आठ हजारांपर्यंत मागतील, कुरकुर करा पण भरा.

आता लोक फसतात कुठे ते सांगतो. पुस्तकी हिशोब असा आहे की डॉट कॉम एक्सपायर झालं की रजिस्ट्रारकडे जास्तीत जास्त ४५ दिवसांचा ग्रेस, मग ३० दिवस रिडेम्प्शन, मग ५ दिवस पेंडिंग डिलीट (पुसायच्या रांगेत) आणि मग ते नाव सुटतं, ज्याला धंदेवाले ड्रॉप म्हणतात. म्हणजे ८० दिवस. लोक हे ८० दिवस बोटांवर मोजून निवांत बसतात, पण जरा बरं नाव असेल तर रजिस्ट्रार ते पुढच्या पायरीवर जाऊच देत नाही, त्या पहिल्या ४५ दिवसांतच स्वतःच्या किंवा ठरलेल्या लिलावात विकून मोकळा होतो. ते सगळं तुम्ही साइन अप करताना न वाचता टिक केलेल्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. आणि पैसे? ते रजिस्ट्रार आणि ऑक्शनवाले वाटून घेतात, जुन्या मालकाला साधारणपणे त्यातला छदामही मिळत नाही.

नोटीस आली नाही म्हणाल तर आली असणार. आयकॅनचा, म्हणजे जगभरच्या डोमेनचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा, नियम २०१३ पासून लागू आहे, मुदत संपायच्या साधारण महिनाभर आधी एक, आठवडाभर आधी एक आणि संपल्यावर पाच दिवसांत एक असे तीन मेल टाकायलाच लागतात, शिवाय नाव पुसायच्या आधी निदान आठ दिवस साइट बंद ठेवायची म्हणजे मालकाच्या लक्षात यावं. फक्त ते तिन्ही मेल कॅनडातल्या पोराच्या कुठल्यातरी कॉलेजच्या वेळच्या जीमेलमध्ये पडलेत.

राहिला २४० चा प्रश्न. एक लक्षात घ्या, ही तुमच्या होमस्टेची किंमत नाहीये. तुमच्याबद्दल कधी पेपरात छापून आलं असेल, दोनचार ट्रॅव्हल ब्लॉगनी लिंक दिली असेल, त्या लिंका अजून त्याच पत्त्याकडे बोट दाखवतायत आणि कोणीतरी गुगलमध्ये वर यायला ती बोटं विकत घेतंय. त्याला तुमच्या पिठलं-भाकरीशी काही देणंघेणं नाही. आणि बोली २४० ला गेली म्हणजे असे किमान दोघं आहेत, एकटा असता तर नाव पहिल्या बोलीलाच गेलं असतं.

लाज वगैरे वाटून घेऊ नका हं. १९९९ च्या नाताळात खुद्द मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉम रिन्यू करायला विसरली होती, त्यावरून हॉटमेलचं लॉगिन चालायचं, ते अडलं, आणि शेवटी एका भल्या प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डवरून ३५ डॉलर भरून ते चालू केलं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या डॅलस काउबॉइज ह्या फुटबॉल टीमने कोचला काढलं, सगळा देश त्यांची साइट उघडतोय आणि तिथे पार्किंगचं पान, म्हणजे बेवारस नावावर लावतात ते भरताड पान! त्यांचंही रिन्यूअल राहिलं होतं.

दादा, मी एका नावावर ३० डॉलर बोली टाकली. समोरचा १२ वर होता तर लगेच ३५ दाखवून तोच पुढे! शेवटच्या मिनिटाला परत टाकली तर घड्याळच पाच मिनिटं वाढलं. हे फिक्सिंग आहे का? (कॉमर्सचा विद्यार्थी, पुणे)

नाही रे, ह्यात फिक्सिंग नाहीये, हे रुमालाखालचं प्रकरण आहे. गुरांच्या बाजारात गेलायस कधी? दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगतात, बाहेर उभ्या असलेल्याला काही कळत नाही. इथे रुमाल म्हणजे कॉम्प्युटर. समोरच्याने आधीच त्याला सांगून ठेवलंय की माझी हद्द समज २०० डॉलर, पण गरज पडेल तेवढंच बोल. तू ३० म्हणालास, मशीन त्याच्या वतीने ३५ म्हणालं, त्याची २०० कोणाला दिसलीच नाही. ह्याला प्रॉक्सी बिड म्हणतात.

ह्यातून एक मजेशीर गोष्ट निघते बघ. शेवटी जी किंमत छापून येते ती जिंकणाऱ्याची किंमत नसतेच, ती हरणाऱ्याची असते, वर एक पायरी. तू ३० ला थांबलास म्हणून त्याला ३५ ला मिळालं, उद्या १९० वाला कोणी उगवला असता तर तेच नाव १९५ ला गेलं असतं, नाव तेच, अक्षरं तीच. मग भाव नेमका कशाला म्हणायचं? गणेशोत्सवाच्या मंडळात लिलावात नारळ पाच हजाराला जातो तेव्हा दुसऱ्या दिवशी वाण्याकडे कोणी नारळाचा भाव पाच हजार धरत नाही. दोन दानशूर समोरासमोर आले एवढाच त्याचा अर्थ. डोमेनमध्ये मात्र लोक तो आकडा वहीत लिहून घेतात आणि पुढच्या नारळाला लावतात.

घड्याळ वाढण्याचं कारण असं की शेवटच्या सेकंदाला झडप घालणाऱ्यांना आळा बसावा, शेवटच्या पाच मिनिटांत कोणी बोलला की पुन्हा पाच मिनिटं. त्यामुळे शेवटच्या क्षणी उडी मारून काही फायदा नाही, पण पहिल्याच दिवशी बोली लावणं हाही गाढवपणाच, कारण बरेच लोक रोज हजारो नावांची यादी बोलींच्या संख्येनुसार लावून बघतात आणि तुझ्या एका बोलीने ते नाव यादीत वर जातं. आयतीच जाहिरात केलीस त्याची. आपली हद्द कागदावर लिही, शेवटच्या अर्ध्या तासात एकदाच टाक आणि चहा प्यायला जा.

तरी शंका घेणं वाईट नाही. २००९ मध्ये स्नॅपनेम्स ह्या लिलाव कंपनीनेच कबूल केलं होतं की त्यांचाच एक वरिष्ठ कर्मचारी २००५ पासून टोपणनावाने त्यांच्याच लिलावांत बोली लावत होता, साधारण पाच टक्के लिलावांत. कंपनीने फरकाचे पैसे व्याजासकट परत द्यायची तयारी दाखवली. म्हणजे समोर कोण बसलंय हे आपल्याला कधीच दिसत नाही, ते धरूनच आपला आकडा ठरवायचा.

आणि हो, जी नावं रजिस्ट्रारच्या लिलावात जात नाहीत ती ड्रॉपला सुटतात, डॉट कॉमची वेळ आपल्याकडे साधारण रात्री साडेअकरा ते साडेबाराच्या सुमारास. तेव्हा तू हाताने टाइप करून ते पकडशील हे विसर. ड्रॉपकॅचसारख्या कंपनीने नुसती अशी सुटलेली नावं पकडायला हजाराच्या वर रजिस्ट्रारची लायसन्सं घेऊन ठेवली होती, कारण जितकी लायसन्सं तितक्या रजिस्ट्रीकडे (डॉट कॉमची मूळ वही सांभाळणारी कंपनी) खिडक्या. त्यांना बॅकऑर्डर द्यायची, म्हणजे सुटलं की माझ्यासाठी पकडा अशी आगाऊ ऑर्डर, एकट्यानेच दिली असेल तर ठरलेल्या फीत नाव तुझं, दोघा-तिघांनी दिली असेल तर परत लिलाव. तू म्हणशील फरक काय, तर एक फरक आहे, रजिस्ट्रारच्या लिलावात घेतलेल्या नावाची मूळ नोंदणीची तारीख तशीच राहते, ड्रॉप होऊन पकडलेल्याची आजपासून सुरू होते. काही लोक त्या जुन्या तारखेलाच पैसे मोजतात, मला तो शौक कधी कळला नाही.

मराठी रेसिपी ब्लॉग काढायचाय. एक एक्सपायर्ड डोमेन मिळतंय, डीए (साइटच्या वजनाचा अंदाजी गुण) ३८, बॅकलिंक (इतर साइटनी दिलेल्या लिंका) दोन हजारांवर, बोली १०५ डॉलर. नवीन नाव घेऊन दोन वर्षं घासण्यापेक्षा हे बरं ना? (गृहिणी आणि अर्धवेळ कंटेंट रायटर, डोंबिवली)

ताई, हा खड्डा मी स्वतः खणून त्यात पडलोय म्हणून सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी मी असंच एक नाव उचललं, आकडे बघून डोळे दिपले होते, शंभरच्या आसपास डॉलर गेले. आल्यावर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्याचे जुने फोटो बघितले, जे मी आधी बघायला हवे होते. पहिली सहा वर्षं एका शाळेची साइट, छान, मग एक वर्ष काही नाही, आणि मग दीड वर्ष कुठल्यातरी परक्या लिपीत जुगाराची पानं. त्या दोन हजार लिंकांतल्या ऐंशी टक्के त्या दीड वर्षातल्या. वर्षभर लिहीत राहिलो, गुगलवरून चिटपाखरू आलं नाही, शेवटी ते नाव मीही सोडून दिलं. आता कोणीतरी परत त्याचा डीए बघून बोली लावत असेल.

डीए, डीआर, ट्रस्ट फ्लो हे आकडे मॉझ, एचरेफ्स, मॅजेस्टिक ह्या खाजगी कंपन्यांचे आहेत. गुगल ते बघत नाही. गुगलचा स्वतःचा पेजरँकचा आकडा लोकांना दिसायचा तोही २०१६ मध्ये बंद केला. पण लिलावाच्या यादीत हेच आकडे कॉलम करून दिलेले असतात आणि त्यावर गाळणी लावता येते, त्यामुळे ३० च्या वर डीए म्हटलं की दहा लोक आपोआप त्याच नावावर येऊन पडतात. म्हणजे आकड्याने भाव वाढतो हे खरंच आहे, फक्त तो आकडा उपयोगाचा आहे म्हणून नाही, तो सगळ्यांना दिसतो म्हणून.

त्यात मार्च २०२४ मध्ये गुगलने आपल्या स्पॅमच्या नियमांत एक्सपायर्ड डोमेन अब्यूज असं कलमच घातलं. जुन्या साइटचं नाव घेऊन तिच्या पुण्याईवर भलताच फालतू मजकूर रँक करायचा, हे सरळ स्पॅम धरणार. तुमचा मजकूर चांगला असेल तर जुनं नाव वापरणं हा गुन्हा नाही, पण शाळेच्या नावावर पुरणपोळी चढवून शाळेच्या लिंका आपल्याला मिळतील ही आशा सोडा.

तरी घ्यायचंच असेल तर तीन गोष्टी बघा. वेबॅक मशीनवर प्रत्येक वर्षाचं एक तरी पान उघडा. गुगलवर site: असं लिहून त्यापुढे नाव टाका, काही पान दिसतं का बघा, अर्थात बंद साइटचं नसणं म्हणजे बॅनच असं नाही. आणि त्या लिंका कोणत्या शब्दांवर लागल्यात ते बघा, रेसिपीच्या नावावर औषधं नाहीतर कॅसिनोचे शब्द असतील तर फुकट दिलं तरी नको. हे सगळं स्वच्छ निघालं आणि आधीची साइटही खाण्याचीच होती असं असेल तर १०५ जास्त नाहीत. माझा अंदाज विचाराल तर ते तसं नसणार, कारण इतकं स्वच्छ असतं तर १०५ वर राहिलं नसतं.

बँकेतून निवृत्त झालो. हाताशी वेळ होता म्हणून गेल्या वर्षी लिलावातून १४ नावं घेतली. एका साइटचं अप्रेझल टूल प्रत्येकाची किंमत ८०० ते १४०० डॉलर दाखवतं. अजून एकही विकलं नाही. काय चुकतंय? (ज्येष्ठ वाचक, सातारा)

काका, तुम्ही बँकेत होता म्हणजे रेडी रेकनर तुम्हाला सांगायला नको. अप्रेझल टूल म्हणजे रेडी रेकनर. आजूबाजूला आधी काय विकलं गेलं, अक्षरं किती, शब्द ओळखीचा आहे का, असं बघून यंत्र एक दर काढतं. पण गिऱ्हाईक कोण, ते दाराशी उभं आहे का, हे त्याला माहीत नसतं. शिवाय ही टूलं बरेचदा ज्यांना नावं विकायचीत किंवा लिलाव चालवायचेत त्यांचीच असतात, तेव्हा ते आकडे हात आखडून लावतील अशी अपेक्षा धरू नका.

दुसरं, हा बाजार दोन मजली आहे. लिलाव म्हणजे मार्केट यार्ड, घाऊक. तिथे बोली लावणारे बहुतेक जण तुमच्यासारखेच, विकायला घेणारे. खरा वापरणारा, म्हणजे ज्याला त्याच नावाने धंदा काढायचाय तो, किरकोळ गिऱ्हाईक, आणि ते कधी येईल ह्याचा नेम नाही. धंद्यातले लोक ढोबळमानाने १०० नावांमागे वर्षाला एक-दोन विकली जातात असं धरतात. ह्या हिशोबाने तुमच्या १४ पैकी एक विकलं जायला साडेतीन ते सात वर्षं. तोपर्यंत दरवर्षी रिन्यूअल. डॉट कॉमची रजिस्ट्री असलेली व्हेरिसाइन कंपनी डॉट कॉमचा घाऊक दर रजिस्ट्रारला लावते तो २०२१ पर्यंत ७.८५ डॉलर होता, तिथून दरवर्षी चढत सप्टेंबर २०२४ ला १०.२६ झाला, त्यावर रजिस्ट्रारचा नफा आणि आपला जीएसटी, म्हणजे अकराशे धरा. चौदा नावांचे वर्षाला १५,४००, पाच वर्षांत ७७,०००, लिलावात मोजले ते वेगळेच. विकणाऱ्या साइटचं कमिशन पंधरा-वीस टक्के, डॉलर बदलताना बँक काय कापते ते तुम्हीच मला सांगाल.

म्हणून घाऊकवाले एक नियम पाळतात, विकायची आशा ज्या भावाची आहे त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या वर लिलावात जायचं नाही, त्यातही खूप खाली थांबता आलं तर उत्तम. विकल्या न गेलेल्या अठ्ठ्याण्णव नावांचा खर्च विकल्या गेलेल्या दोघांनी भरून काढायचा असतो. मागचे सौदे बघायला नेमबायोवर जा, तिथे खऱ्या विक्रीचे आकडे असतात. फक्त तिथेही एक धोका आहे, जी विकली गेली तीच दिसतात. जी पडून आहेत त्यांची यादी कोण ठेवतो?

आणि पेपरातल्या बातम्यांवर जाऊ नका. व्हॉइस डॉट कॉम २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला गेलं हे खरं, पण ते कोणी एक्सपायर झालेलं उचलून विकलं नव्हतं, एका कंपनीने वर्षानुवर्षं सांभाळलेलं दुसऱ्या पैसेवाल्या कंपनीला दिलं. फॅशनही असते ह्या बाजारात. चार अक्षरी डॉट कॉम एकूण ४,५६,९७६ होतात, सगळी केव्हाच घेतलेली. २०१५ च्या शेवटी चिनी गुंतवणूकदारांनी त्यातली स्वर नसलेली, व्ही नसलेली नावं अशी काही उचलली की ज्यांचा उच्चारही करता येत नाही ती हातोहात जात होती. २०१६ मध्ये ती हवा गेली आणि उशिरा आलेले लोक ती पकडून बसले. तुमच्या १४ पैकी कुठल्या नावाने उद्या एखादा माणूस खरंच दुकान काढेल असं वाटतं तेवढी तीन-चार ठेवा, बाकीची मुदत आली की जाऊ द्या. जीव तुटेल, पण जाऊ द्या.

रत्नागिरीत बाग आहे, थेट पेट्या विकतो. हापूस शब्द असलेलं एक डॉट इन लिलावात आलंय, बोली ६० डॉलर. कुठवर जाऊ? आणि मराठीत, म्हणजे देवनागरीत नाव घेतलं तर स्वस्त पडेल का? (बागायतदार)

हा प्रश्न मला फार आवडला कारण तुम्ही वापरणारे आहात, दलाल नाही, त्यामुळे तुमचं गणित साफ मांडता येतं. पेटीत मांडा. ह्या नावामुळे हंगामात समजा दहा पेट्या जास्त गेल्या आणि पेटीमागे हातात ४०० राहिले, तर वर्षाचे ४,०००. पण थांबा, सगळे चार हजार नावाचे नाहीत. बाजूला अकराशेत गावाचं नाव आणि हापूस असं जोडून नवं कोरं नाव मिळत असेल तर त्यानेही सहा-सात पेट्या जातीलच. म्हणजे लिलावातल्या नावाची किंमत म्हणजे ह्या दोघांमधला फरक, तीन पेट्या, बाराशे रुपये वर्षाला. तीन हंगाम धरले तर ३,६००, म्हणजे साठ डॉलर आत्ताच तुमच्या हद्दीबाहेर गेलं. आकडे तुमचे टाका, पद्धत ही.

मराठी शब्द रोमनमध्ये लिहिताना अजून एक घोळ असतो. हापूसमध्ये यू एक की ओ दोन, वडापावमध्ये व्ही की डब्ल्यू, पावला ए एक की दोन. फोनवर ऐकून गिऱ्हाईक जे टाइप करेल ते तुमचंच असेल ह्याची खात्री नाही, आणि जेवढी स्पेलिंगं तेवढा प्रत्येकाचा भाव खाली. त्यामुळे मराठी शब्दांची नावं लिलावात स्वस्त दिसतात, ती संधीही आहे आणि कारणही आहे. एक बरं, हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय आणि तुमचा माल खरोखर रत्नागिरीचा, दुसरा कोणी कर्नाटकी आंबा त्या नावावर विकायला हे डोमेन घेत असेल तर त्याने बोली लावायच्या आधी विचार करावा.

देवनागरीचं म्हणाल तर डॉट भारत २७ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालं, डॉट इन सांभाळणाऱ्या निक्सीचंच आहे, मराठीही चालते. लिलावाच्या यादीत मात्र ही नावं देवनागरीत दिसत नाहीत, एक्सएन, दोन डॅश आणि पुढे काहीतरी चिनीमातीचे तुकडे पडल्यासारखी अक्षरं दिसतात, म्हणून कोणी बोलीच लावत नाही. स्वस्त पडेल हो, पण पेटीवर छापायला छान, आणि ईमेल पाठवायला डोकेदुखी. हौस म्हणून घ्या, धंदा रोमनवर ठेवा.

एका प्रसिद्ध कंपनीचं नाव, फक्त एक अक्षर इकडचं तिकडे, एक्सपायर्डमध्ये १२ डॉलरला मिळतंय. घेऊन त्यांनाच विकलं तर? (नाव देऊ नका, ठाणे)

नाव देत नाही, पण नको. १९९९ मध्ये मुंबई हायकोर्टातच रेडिफ विरुद्ध रॅडिफ असा खटला झाला होता, एका अक्षराचाच फरक, निकाल रेडिफच्या बाजूने. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं. १२ डॉलरला पडून आहे ते ह्याचसाठी, जाणकार हात लावत नाहीत.

आम्ही अमेरिकेत आहोत. आमच्या मराठी मंडळाचं डोमेन एका माजी खजिनदारांच्या नावावर होतं, त्यांनी मंडळ सोडलं, नाव ड्रॉप झालं. आता त्यावर बेटिंगच्या जाहिराती आहेत आणि मालक १,८०० डॉलर मागतोय. दिवाळीची आमंत्रणं त्याच पत्त्याने छापलेली! (मंडळाच्या सेक्रेटरी, न्यू जर्सी)

जिथे मंडळ तिथे माजी खजिनदार, ताई, हे मी इथे पुण्यातही बघतो.

तो माणूस तुम्हाला ओळखतही नाही. तुमच्या साइटला इतर मंडळांनी, एखाद्या विद्यापीठाने, गावच्या पेपरने लिंका दिल्या होत्या, त्यांच्यासाठी त्याने शे-दोनशे डॉलरला ते उचललं असणार, आणि १,८०० हा आकडा बहुतेक हवेतून आलेला नाही. ट्रेडमार्कच्या आधारावर डब्ल्यूआयपीओकडे (बौद्धिक संपदेची जागतिक संस्था) यूडीआरपीची, म्हणजे डोमेनच्या भांडणांसाठी ठरलेल्या पद्धतीची, तक्रार करायची तर एका पॅनेलिस्टची फीच १,५०० डॉलर, वर वकील, आणि मंडळाच्या नावावर आपला हक्क आणि त्याची लबाडी दोन्ही सिद्ध करायची. तक्रारीचा खर्च त्याला पाठ असतो, तो त्याच्या आसपासच मागतो.

तुमच्या हातात एक गोष्ट आहे जी त्याच्या हातात नाही. त्या लिंका. ज्या ज्या मंडळांनी, पेपरांनी लिंक दिलीय त्यांना ह्याच आठवड्यात मेल टाका, की हा पत्ता आता आमचा नाही, तिथे जुगार आहे, कृपया नवा पत्ता टाका. नवं डॉट ऑर्ग घ्या, मंडळाच्या सामायिक ईमेलवर, दहा वर्षांचे पैसे एकदम भरून, आणि लॉगिन दोघांकडे. आमंत्रणांवर स्टिकर चिकटवायला दोन संध्याकाळी लागतील, चकल्या करता करता होऊन जाईल. लिंका गळल्या की त्या नावात त्याला काही उरत नाही, आणि असले लोक शेकडो नावं बाळगून असतात, वर्षाअखेर जे कमवत नाही ते रिन्यू करत नाहीत. त्याला उत्तर पाठवायचंच असेल तर एक ओळ पाठवा, आम्ही नवं नाव घेतलंय, जुनं द्यायचं असेल तर १०० डॉलर. चिडून लिहू नका, घाई आहे असं तर अजिबात दाखवू नका. आणि त्या नावावर एक बॅकऑर्डर लावून ठेवा, बऱ्याच ठिकाणी नाव मिळाल्याशिवाय पैसे घेत नाहीत. पुढच्या वर्षी त्या नावाची एक्सपायरीची तारीख आली की मला कळवा, काय झालं ते ह्याच कॉलममध्ये छापू.